कंटेनर एकच, जमीन वेगळी : लिनक्सवर ग्रुपवेअर बसवताना आणि अद्ययावत ठेवताना

कार्यालयाचा मेल, सामायिक कॅलेंडर, संपर्कवही आणि कामांच्या याद्या एकाच ठिकाणी देणाऱ्या सॉफ्टवेअरला ग्रुपवेअर म्हणतात. पूर्वी ते स्वतःच्या सर्व्हरवर उभं करायचं तर मेल पाठवणारा पोस्टफिक्स, मेल साठवून दाखवणारा डोव्हकॉट, डेटाबेस, स्पॅमची चाळणी आणि वेबसर्व्हर असं एकेक बसवून एकमेकांशी जुळवावं लागे. आता तोच सगळा संच डॉकरच्या कंटेनरांत बांधून मिळतो आणि अर्ध्या-पाऊण तासात लॉगिनचं पान समोर येतं. त्यामुळे 'कंटेनर आहे ना, मग कुठल्याही लिनक्सवर चालेल' असं सहज म्हटलं जातं.

यातलं अर्धं खरं आहे. कंटेनरच्या आतली लायब्ररी, सेटिंग आणि प्रोग्राम सगळीकडे सारखेच असतात. त्यांना बाहेर डेबियन आहे की रॉकी लिनक्स याचं सोयरसुतक नसतं. पण कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं. कर्नल, फायरवॉल, सुरक्षेचे नियम, घड्याळ, डिस्क आणि खुद्द डॉकर हे सगळं बाहेरच्या डिस्ट्रोकडून, म्हणजे लिनक्सच्या त्या वितरणाकडून येतं. बसवताना अडचण आली तर ती बहुतेक वेळा या बाहेरच्या भागातली असते, आणि अपडेट करताना दुर्लक्ष होतं तेही याच भागाकडे. म्हणून डिस्ट्रो, डॉकर आणि ग्रुपवेअर असे तीन थर सुरुवातीपासून वेगळे धरावेत. प्रत्येकाची बसवण्याची रीत वेगळी आणि अपडेटचं वेळापत्रकही वेगळं.

उदाहरणासाठी मेलकाऊचा डॉकर संच घेऊ. तो मुक्त परवान्याचा आहे. त्यात पोस्टफिक्स, डोव्हकॉट, स्पॅमसाठी आरस्पॅमडी, विषाणू तपासणीसाठी क्लॅमएव्ही, डेटाबेससाठी मारियाडीबी आणि वेबमेल व कॅलेंडरसाठी सोगो असे भाग आहेत. सोगोमुळे मोबाइलवरची कॅलेंडर आणि संपर्क कॅलडॅव्ह, कार्डडॅव्ह किंवा ॲक्टिव्हसिंकने जोडता येतात. टाइप करायच्या कमांड प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजांतूनच घ्याव्यात, कारण त्या आवृत्तीगणिक बदलतात. इथे त्यांचा क्रम आणि त्यामागची कारणं सांगतो.

सर्व्हर घेण्याआधी

मेलकाऊला किमान ६ जीबी रॅम, १ जीबी स्वॅप आणि मेलचा साठा सोडून २० जीबी डिस्क लागते. यातली बरीच रॅम क्लॅमएव्ही खातो, कारण तो विषाणूंच्या खुणांची अख्खी यादी मेमरीत धरून बसतो. रॅम कमी असेल तर तो बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. प्रोसेसर ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रकारचा किंवा ६४ बिटी एआरएम चालतो.

भाड्याचा सर्व्हर घेताना तो केव्हीएमसारख्या पूर्ण व्हर्च्युअलायझेशनचा आहे का, हे आधी विचारा. स्वस्तातले काही सर्व्हर ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी प्रकारचे असतात. ते स्वतःच कंटेनर असतात आणि बाहेरचं कर्नल वाटून घेतात. त्यांच्या आत डॉकरचा एवढा मोठा पसारा मेलकाऊला मान्य नाही. नासच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या, पेट्यांचंही तेच.

त्यानंतर २५ क्रमांकाचं पोर्ट. एक मेल सर्व्हर दुसऱ्याशी याच दारातून बोलतो. स्पॅमच्या भीतीने घरगुती ब्रॉडबँड कंपन्या आणि बऱ्याच क्लाउड कंपन्या ते बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात. पैसे भरण्याआधी ते उघडून मिळेल का याचं लेखी उत्तर घ्या. मिळणार नसेल तर बाहेरचा मेल एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवावा लागेल.

शेवटी डीएनएस. मेल सर्व्हरच्या नावाची नोंद, डोमेनची एमएक्स नोंद, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी तुम्ही स्वतः करू शकता. आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, मात्र आयपी ज्याचा त्याच्याकडूनच होते. ती नसेल तर तुमचा मेल मोठ्या सेवांच्या दारातून परत येतो, नाहीतर स्पॅममध्ये पडतो. यातल्या कुठल्याच गोष्टीचा डिस्ट्रोशी संबंध नाही, पण त्या झाल्याशिवाय पुढची मेहनत फुकट जाते.

डॉकर कुठून घ्यायचा

डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातला डॉकर बरेचदा जुना असतो. उबुंटू सर्व्हर बसवताना स्नॅप स्वरूपातला डॉकर सुचवला जातो. तो कुंपणात बंद असतो आणि त्याला डिस्कवरच्या सगळ्या फोल्डरांपर्यंत पोहोचता येत नाही. तो चुकून बसला असेल तर आधी काढून टाका. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट या तिन्ही घराण्यांसाठी सरळ वाट एकच : डॉकर कंपनीचं अधिकृत भांडार जोडायचं आणि इंजिन, कंटेनरडी व अनेक कंटेनर एकत्र चालवणारं कंपोज प्लगइन तिथूनच घ्यायचं. मेलकाऊला डॉकरची किमान २४ वी आणि कंपोजची किमान २ री आवृत्ती हवी.

कंपोजबद्दल एक खुलासा. पायथॉनमध्ये लिहिलेला जुना कंपोज हा स्वतंत्र प्रोग्राम होता आणि त्याच्या नावात जोडरेघ होती. त्याची देखभाल २०२३ मध्ये संपली. नवा कंपोज डॉकरचंच उपांग असल्याने दोन शब्द मध्ये जागा सोडून लिहितात. इंटरनेटवरच्या टिपणात जोडरेघेची कमांड दिसली तर ते टिपण जुनं समजावं आणि बाजूला ठेवावं.

कोणत्या डिस्ट्रोवर काय पाहायचं

*डेबियन* : सगळ्यांत कमी कटकट इथे होते. फक्त काही सर्व्हरांवर एक्झिम नावाचा छोटा मेल प्रोग्राम आधीपासून चालू असतो आणि २५ क्रमांकाचं पोर्ट अडवून बसतो. मेलकाऊ सुरू करण्याआधी २५, ८०, ११०, १४३, ४४३, ४६५, ५८७, ९९३, ९९५ आणि ४१९० ही पोर्ट मोकळी आहेत का हे तपासा आणि अडवणारी सेवा बंद करा.

*उबुंटू* : दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी एलटीएस आवृत्तीच घ्या, तिला पाच वर्षं नेहमीचे अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांचं आयुष्य नऊ महिन्यांचं, तेव्हा त्या सर्व्हरच्या कामाच्या नाहीत. बाकी रीत डेबियनसारखीच.

*अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स* : रेड हॅटच्या घराण्यात आवृत्ती ८ पासून डॉकरऐवजी पॉडमन दिला जातो. सुसंगततेचं पॅकेज बसलेलं असेल तर डॉकर नावाची कमांड चालते खरी, पण पाठीमागे पॉडमनच उत्तर देत असतो. मेलकाऊ पॉडमनसाठी बनवलेला नाही, म्हणून पॉडमन आणि त्याची सोबतची पॅकेजं काढून डॉकरचं अधिकृत भांडार जोडा. दुसरी गोष्ट एसईलिनक्स, म्हणजे कर्नलमधली सुरक्षेच्या नियमांची व्यवस्था. तो बंद करण्याचा सल्ला पावलोपावली मिळतो. तो मानू नका. कंटेनरांसाठीचं एसईलिनक्सचं नियम-पॅकेज बसलं आहे का ते पाहा, डॉकरच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये एसईलिनक्सचा पाठिंबा चालू करा आणि डॉकर पुन्हा सुरू करा. इथेही पोस्टफिक्स आधीच चालू असण्याची शक्यता असते.

*अल्पाइन* : हा अगदी हलका. पण हलकेपणासाठी त्याने ग्रेप, सेड अशी साधनं बिझीबॉक्सच्या छोट्या रूपात ठेवली आहेत आणि मेलकाऊच्या स्क्रिप्टना ती पुरत नाहीत. बॅश, गिट आणि त्या साधनांची पूर्ण रूपं आधी बसवावी लागतात. सिस्टिमडी नसल्याने डॉकर आपोआप सुरू होण्यासाठी ओपनआरसीत नोंद करावी लागते. ती विसरली तर पहिल्या रीबूटनंतर मेल बंद.

*बाकीचे* : ओपनसुसे, आर्च, फेडोरा यांवर संच चालून जाऊ शकतो. पण प्रकल्पाच्या पाठिंब्याच्या यादीत नसलेल्या डिस्ट्रोवर अडचण आली तर निस्तरायची आपण एकट्यानेच. हौसेला ठीक, पन्नास जणांच्या कार्यालयाला नको.

फायरवॉलचा चकवा

उबुंटूचा यूएफडब्ल्यू चालू करून 'सगळं बंद, फक्त एसएसएच चालू' असं सांगितलं, तरी कंटेनरने जगासाठी उघडलेलं पोर्ट बाहेरून दिसत राहतं. डॉकर कर्नलच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम घालतो आणि कंटेनरकडे जाणारी वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जाते. तुमचे नियम डॉकरने त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या साखळीत घालावे लागतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या बाहेरच्या फायरवॉलवरच बंदोबस्त करणं.

मेलकाऊ डेटाबेसचं पोर्ट मुळातच सर्व्हरच्या आतल्या पत्त्यापुरतं ठेवतो. ते बाहेरून जोडता यावं म्हणून बदलू नका. संचात एक कंटेनर असा आहे की तो चुकीचे पासवर्ड वारंवार टाकणारा आयपी काही काळ अडवतो. सगळं कार्यालय एकाच सार्वजनिक आयपीमागे असेल तर एखाद्या फोनमध्ये राहिलेल्या जुन्या पासवर्डमुळे सगळ्यांचाच मेल बंद पडू शकतो. कार्यालयाचा स्थिर आयपी आधीच विश्वासू यादीत टाकून ठेवा.

प्रत्यक्ष बसवणं

हा भाग सगळ्या डिस्ट्रोंवर सारखाच आहे, आणि कंटेनरची खरी सोय इथेच दिसते. रूट वापरकर्ता म्हणून लॉगिन करा आणि नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा युमास्क ००२२ आहे याची खात्री करा. सुरक्षेच्या नावाखाली तो जास्त कडक केलेला असेल तर कंटेनरांना स्वतःच्याच सेटिंग फाइली वाचता येत नाहीत. मग गिटने प्रकल्प ऑप्ट फोल्डरात उतरवा. झिप उतरवू नका; पुढचे अपडेट गिटवरच अवलंबून आहेत.

सेटिंग तयार करणारी स्क्रिप्ट तुम्हाला सर्व्हरचं पूर्ण नाव विचारेल. तिथे नुसतं डोमेन न देता 'मेल' किंवा तसं उपनाव लावलेलं पूर्ण नाव द्या. कालक्षेत्र भारतासाठी एशिया-कोलकाता. मग कंपोजने सगळ्या इमेज, म्हणजे कंटेनर ज्यांवरून बनतात ते साचे, उतरवा आणि कंटेनर पाठीमागे चालू करा. ८० क्रमांकाचं पोर्ट बाहेरून उघडं असेल तर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र संच स्वतःच मिळवतो आणि वेळोवेळी नवं करतो.

प्रशासकाचा सुरुवातीचा पासवर्ड दस्तऐवजांत जगजाहीर छापलेला आहे. पान उघडताच पहिलं काम तो बदलायचं, दुसरं दोन टप्प्यांची ओळख चालू करायचं. डोमेन आणि पेट्या त्यानंतर.

तुम्हाला करायचे बदल मूळ कंपोज फाइलमध्ये करू नका. त्यासाठी कंपोजची ओव्हरराइड फाइल आहे. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉटसाठीही जास्तीच्या सेटिंगच्या वेगळ्या फाइली ठेवल्या आहेत. मूळ फाइलीतला बदल आणि प्रकल्पाचा नवा बदल अपडेटच्या वेळी समोरासमोर आले तर अपडेट स्क्रिप्ट सहसा प्रकल्पाची बाजू घेते आणि तुमचा बदल जातो.

डेटा कुठे राहतो

कंटेनर टाकाऊ असतात आणि दर अपडेटला ते मोडून नवे बनतात. टिकतात ती व्हॉल्यूम. ती डॉकरच्या स्वतःच्या फोल्डरात असतात. कंपोजच्या 'डाउन' कमांडने कंटेनर जातात, डेटा राहतो. त्याच कमांडला व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय जोडला तर मेल, डेटाबेस, सगळं जातं. दोन्हींत फरक एका अक्षराचा आहे, म्हणून ही कमांड जुन्या टिपणावरून आंधळेपणाने चिकटवू नये.

आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. मेलकाऊ मेल डिस्कवर कूटबद्ध करून ठेवतो आणि त्याच्या किल्ल्या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये असतात. नुसत्या मेलच्या फोल्डराची प्रत घेतली आणि किल्ल्या राहिल्या, तर ती प्रत वाचता येत नाही. प्रकल्पाची स्वतःची बॅकअप स्क्रिप्ट 'सगळं' हा पर्याय देऊन चालवली की मेल, किल्ल्या, डेटाबेस आणि बाकीचं एकत्र येतं. त्याबरोबर संचाचं अख्खं फोल्डरही घ्या, आणि प्रत दुसऱ्या यंत्रावर हलवा. मग ती एखाद्या रिकाम्या सर्व्हरवर परत उभी करून पाहा. ती तिथे उभी राहिली तरच तिला बॅकअप म्हणावं.

तीन घड्याळं, तीन अपडेट

पहिलं घड्याळ डिस्ट्रोचं. सुरक्षेचे अपडेट डेबियन-उबुंटूत आपोआप बसवता येतात, अल्मा-रॉकीत त्यासाठी वेगळी सेवा आहे. पण कर्नलचा नवा अपडेट रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही. कंटेनर कितीही ताजे असले तरी ते त्या जुन्याच कर्नलवर चालत राहतात. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी रीबूट करा.

दुसरं डॉकरचं. डॉकर अपडेट झाला की सेवा पुन्हा सुरू होते आणि सगळे कंटेनर थांबून परत उठतात. उबुंटूची स्वयंचलित व्यवस्था मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या भांडारांना हात लावत नाही. म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलं नाही तर डॉकर वर्षानुवर्षं जुनाच राहतो. याउलट अल्मा-रॉकीवर स्वयंचलित अपडेट सगळ्या पॅकेजांसाठी चालू केले तर डॉकर भर दुपारीही बदलू शकतो. डॉकरच्या २९ व्या आवृत्तीने जुन्या एपीआयचा पाठिंबा काढला, तेव्हा वेबची वाहतूक वाटणारा ट्रॅफिक आणि इमेज आपोआप बदलणारा वॉचटॉवर अशा साधनांच्या जुन्या आवृत्त्या डॉकरशी बोलेनाशा झाल्या. म्हणून डॉकरची मोठी उडी असेल तर आधी ग्रुपवेअर प्रकल्पाची सूचना वाचा, मग हात घाला.

तिसरं ग्रुपवेअरचं. मेलकाऊच्या आवृत्त्यांना वर्ष आणि महिन्याची नावं असतात. त्याची अपडेट स्क्रिप्ट आधी नवं काही आहे का ते तपासते, स्वतःच बदलली असेल तर पुन्हा चालवायला सांगते, नव्या इमेज उतरवते, कंटेनर थांबवते, फाइली मिसळते आणि सगळं चालू करते. तिच्याऐवजी नुसत्या नव्या इमेज ओढून घेऊ नका, कारण सेटिंगच्या फाइली आणि इमेज जोडीने बदलतात. याच कारणाने वॉचटॉवरसारख्या साधनाला या संचाच्या इमेज परस्पर बदलू देऊ नयेत. जुन्या इमेज डिस्कवर साचत जातात. त्या काढण्याचा पर्याय स्क्रिप्टमध्येच आहे.

अपडेटच्या आधी चार कामं : बदलांची टीप वाचणं, डिस्कवर जागा पाहणं, ताजा बॅकअप घेणं आणि व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर कंटेनर थांबवून स्नॅपशॉट काढणं. अपडेटनंतर दोन : सगळे कंटेनर चालू आहेत का ते पाहणं, आणि बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवून त्याचं उत्तर मिळवणं. मागे फिरायची वेळ आली तर स्नॅपशॉट किंवा बॅकअप हाच रस्ता. डेटाबेसची रचना एकदा पुढे गेली की जुनी आवृत्ती ती वाचू शकेलच असं नाही.

दुसरं ग्रुपवेअर निवडलं तर हीच तत्त्वं लागू होतात, तपशील बदलतात. नेक्स्टक्लाउडमध्ये मोठी आवृत्ती ओलांडता येत नाही. एकेक पायरी चढावी लागते. सोबत पोस्टग्रेसचा कंटेनर असेल तर त्याची मोठी आवृत्ती नुसती इमेज बदलून वाढत नाही, डेटा काढून नव्यात भरावा लागतो. म्हणून इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहून ठेवणं धोक्याचं. नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. ईग्रुपवेअर याहून वेगळ्या वाटेने जातं : ते डेबियन-उबुंटू आणि रेड हॅट घराण्यासाठी नेहमीच्या पॅकेजच्या रूपात मिळतं आणि ते पॅकेज आत डॉकरचे कंटेनर चालवतं. त्यामुळे डिस्ट्रोचं अपडेट चालवताना आपण ग्रुपवेअरलाही हात लावत आहोत याचं भान ठेवावं लागतं.

लॉग आणि घड्याळ

डॉकर मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक कंटेनरचा लॉग एका वाढत्या फाइलीत लिहितो आणि कंटेनर मोडला की ती फाइलही जाते. म्हणजे अपडेटबरोबर मागचा इतिहास पुसला जातो. भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन निर्देशांनुसार कंपन्यांसह अनेक प्रकारच्या संस्थांनी लॉग १८० दिवस जपणं, घड्याळं ठरलेल्या एनटीपी सर्व्हरशी जुळवणं आणि सुरक्षेची घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणं अपेक्षित आहे. म्हणून कंटेनरांचे लॉग सर्व्हरच्या जर्नलमध्ये किंवा सिसलॉगकडे वळवा आणि तिथे मुदत ठरवा. घड्याळ कंटेनरचं नसून सर्व्हरचं असतं. ते मागेपुढे झालं तर दोन टप्प्यांच्या ओळखीचे अंकही जुळत नाहीत.

डिस्ट्रो बदलायची वेळ आली तर

रेड हॅट घराण्यातल्या सेंटओएस ८ चा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. अशा वेळी चालू सर्व्हरवरच उडी मारण्यापेक्षा नवा सर्व्हर उभा करणं बरं. नव्या डिस्ट्रोवर डॉकर बसवा, जुन्या सर्व्हरवरचं मेलकाऊ आधी अद्ययावत करा आणि डेटा हलवा. एका सर्व्हरची प्रत दुसऱ्यावर तयार ठेवणारी स्क्रिप्ट प्रकल्पातच आहे. ती आधी एकदा चालवून मोठा साठा पोहोचवता येतो आणि शेवटच्या रात्री फक्त फरक जातो. डीएनएस नोंदींची मुदत दोन दिवस आधी कमी करा आणि नव्या आयपीची पीटीआर नोंद विसरू नका. एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात इतक्या सहज जाता येणं, हा कंटेनरचा सर्वांत मोठा फायदा.

मग निवडायचं कोणतं? डेबियनला एलटीएस धरून साधारण पाच वर्षं, उबुंटू एलटीएसला पाच, अल्मा-रॉकीला दहा आणि अल्पाइनच्या प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षं पाठिंबा मिळतो. पण हे आकडे दुय्यम आहेत. तुमच्याकडे डेबियनचा सराव असलेला माणूस असेल तर डेबियन घ्या, रेड हॅटचा असेल तर रॉकी. ग्रुपवेअर दोन्हीकडे सारखंच चालेल. रात्री सर्व्हर उठला नाही तर पहिली कमांड कोणती द्यायची हे त्या माणसाला आठवलं पाहिजे. सर्व्हर कुठे आहे, बॅकअप कुठे आहे, तिन्ही अपडेट कोणत्या तारखेला होतात आणि पीटीआरसाठी कुणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून त्याची प्रत दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे द्या. तुम्ही रजेवर असताना त्याने तो कागद पाहून एक अपडेट पार पाडला, की व्यवस्था नीट बसली असं समजायला हरकत नाही.